पायांवर बाळ घेणारी कौसल्याबाई

वजनकाट्यावर उभं राहिलं की माणूस खोटं बोलतो. धरमपेठेत गोपाळराव डॉक्टरांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं कंपाउंडर होतो, तेव्हा हे काही ऐकीव सांगत नाही. चांगला शिकलेला, हुद्द्यावरचा माणूस काट्यावर चढायच्या आधी चपला काढील, घड्याळ काढील, चष्मासुद्धा काढील, आणि वर म्हणेल, आज पाणी जरा जास्त झालं. मला असा राग यायचा. अरे बाप्पा, काटा का तुझी सोयरीक जमवून राहिला? पण कौसल्याबाई त्यातली नव्हती. ती एकदाही खोटं बोलली नाही. तरी तिचं सांगणं आणि काट्याचं सांगणं काही केल्या जुळत नव्हतं, आणि ते जुळवता जुळवता मी पार मेटाकुटीला आलो होतो.

कौसल्याबाई मूळची मौद्याची. लग्न होऊन नागपुरात आली. नवरा, महादेवराव, कापडगिरणीत होता. तो गेला तेव्हा एकुलती पोरगी रुख्मिणी आठ वर्षांची होती. मग तिनं सासूचं काम उचललं. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, बाळाला गुंडाळून आईच्या कुशीत ठेवायचं आणि पुढच्या घरी जायचं. धरमपेठेतली अर्धी पोरं तिच्या पायांवर न्हायलेली. माझी दोन्ही पोरं तिच्याच हातची.

तिचं काम पाहण्यासारखं असे. न्हाणीत भुईवर बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची, दोन्ही पाय समोर लांब करून जोडायची आणि नडग्यांवर बाळाला पालथं घालायची. केकाटणारं पोरगं तिच्या पायांवर पडलं की दोन मिनिटांत गप्प व्हायचं. पाण्याचा हात असा की नाकातोंडात थेंब जात नसे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया मात्र तिच्या हातांकडे पाहत नसत, शेवटी ती उठते कशी ते पाहत. न्हाणी ओली, बाळ ओलं, दोन्ही हात बाळाला लागलेले. अशा वेळी जी बाई भुईला हात न टेकता बाळ घेऊन उभी राहते, ती खरी. बाकीच्या नुसत्या पाणी ओतणाऱ्या, असं माझी आई तोंडावर म्हणायची.

कौसल्याबाई वीस वर्षं तशीच उठली. मग तिचं अंग वाढत गेलं. आधी कोणी लक्ष दिलं नाही, उलट चार बाया म्हणाल्या, बरं झालं, अंगावर मांस आलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका घरी बाळाची आंघोळ झाली आणि तिला उठताच येईना. एकदा जोर केला, दोनदा केला. ओलं बाळ हातात, ते गारठून रडायला लागलं, आणि ही तिथंच बसलेली. शेवटी हाक मारावी लागली. त्या घरच्या सासूनं येऊन बाळ उचललं, मग दोघींनी मिळून हिला काखेत धरून उठवलं. कोणी वाकडा शब्द बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी निरोप आला की उद्यापासून येऊ नका. गोष्ट एका न्हाणीतून दुसऱ्या न्हाणीत गेली आणि आणखी दोन घरं सुटली.

तेही तिनं सोसलं असतं. पण त्याच महिन्यात सावनेरहून रुख्मिणीचं पत्र आलं. जावई तिथल्या कोळसा खाणीत होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचं बोलून झालं. आणि आता तिला तिसरा महिना होता. कौसल्याबाईला वाचता येत नसल्यामुळे पत्र मीच वाचून दाखवलं. ती इतकी हसली, इतकी रडली, की दवाखान्यातले पेशंट आपलं दुखणं विसरून पाहायला लागले. पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईचे गुडघे गेले आहेत असं कानावर आलं, तर बाळंतपण नागपुरात होऊ दे, पण न्हाऊ घालायला मी इकडून बाई पाठवते.

ती ओळ तिनं मला तीनदा वाचायला लावली. मग पत्र घडी करून पदराला बांधलं आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली. नंबर तिचा नव्हता. मी अडवणार होतो, पण तिचा चेहरा पाहून अडवलं नाही.

"डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "मले जास्त काही नाही पायजे. माह्या पोरीचं लेकरू मले पायावर घेता आलं पायजे, अन् ते घेऊन माह्या मनानं उठता आलं पायजे. बस."

डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो. गुडघे दाबून पाहिले, बीपी पाहिलं, हृदय ऐकलं. म्हणाले, दहा किलो तरी उतरलं पाहिजे आणि मांड्यांत जोर आला पाहिजे. मध्ये सहा महिने आहेत, होण्यासारखं आहे.

तिनं भूक मारायच्या गोळीचं नाव काढलं. कोणा व्यापाऱ्याच्या सुनेनं ती गोळी खाल्ली आणि महिन्यात बारीक झाली, असं तिनं ऐकलं होतं. आमचे डॉक्टर त्या गोळीला बिचकत. औषध कंपन्यांचे लोक येऊन भारी गुण गात, पण डॉक्टरांनी दोन पेशंटांची झोप उडालेली आणि छाती धडधडलेली पाहिली होती. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. गोळी देईन, पण सकाळी अर्धी, बारा आठवडे, त्यावर एक दिवस नाही. दर शनिवारी येऊन बीपी दाखवायचं, वजन करायचं. आणि आठवड्यात जे जे खाल्लं ते सगळं सांगायचं. नुसत्या गोळीनं उतरलेलं वजन गोळी बंद झाली की व्याजासकट परत येतं, ते ठेवायचं असेल तर सवय बदलावी लागते, आणि सवय एकट्यानं बदलत नाही, विचारणारं कोणी लागतं.

शिकलेल्यांना ते वही करायला सांगत. हिला लिहिता येत नव्हतं. तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, देवराव, हिनं तुम्हाला सांगायचं.

मला काय वाटलं ते विचारू नका. मिक्श्चरच्या बाटल्या मी भरायच्या, इंजेक्शनच्या सुया मी उकळायच्या, बाहेरची भांडणं मी सोडवायची, आणि त्यात आता बाईनं मंगळवारी भाजी कशाची केली हे मी ऐकायचं. पण तिनं माझी दोन पोरं न्हाऊ घातली होती, तेव्हा गप बसलो.

पहिला शनिवार छान गेला. दीड किलो कमी. ती म्हणाली, भूक अशी पळाली की भाकरीकडे पाहावंसं वाटत नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी एक भाकर आणि भाजी, संध्याकाळी एक भाकर आणि वरण. मी लिहून घेतलं. दुसऱ्या शनिवारी तेच खाणं, वजन जिथल्या तिथं. तिसऱ्या शनिवारी तेच खाणं, वजन अर्धा किलो वर. माझं डोकं सटकलं. म्हटलं, बाई, एक तर काटा खोटा नाही तर तुम्ही खोट्या, आणि काटा मी कालच तपासला. तिनं गळ्याला हात लावून रुख्मिणीची शपथ घेतली. गर्भार पोरीची खोटी शपथ कौसल्याबाई घेणार नाही, हे मला ठाऊक होतं.

उलगडा माझ्याच घरी झाला. माझी बहीण प्रेमलता तेव्हा बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. कौसल्याबाई येऊन न्हाऊ घाली, आणि उठायच्या वेळी माझी आई बाळ घेई. त्या दिवशी मी अंगात कणकण म्हणून घरी होतो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पेपर वाचत बसलो होतो. न्हाऊ घालून झालं. आईनं तिच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. तिनं खाल्ला. आई म्हणाली, एकाचा मान नसतो. तिनं दुसरा खाल्ला. मग बाळंतिणीच्या शिऱ्यात तूप पुरेसं पडलं का ते पाहायला वाटीभर शिरा. मग प्रेमलताच्या ताटात उरलेलं खोबरं टाकायचं कसं म्हणून ते. मग दूध घातलेला चहा. मी पेपर खाली ठेवला.

मी तिला विचारलं, हे शनिवारी काहून नाही सांगितलं? ती माझ्याकडे खरंच नवल वाटून पाहायला लागली.

"हे का जेवण होय, भाऊ? मी ताटावर बसली कुठं?"

आणि मला एकदम समजलं. तिच्या लेखी पाटावर बसून, समोर ताट घेऊन, आपल्या घरी खाल्लं तेच खाणं. उभ्यानं चाखलेलं, उरलेलं संपवलेलं, दुसऱ्याच्या घरी हातावर ठेवलेलं, हे खाणं नव्हतंच. आणि नाही कसं म्हणणार? बाळंतिणीच्या घरून न्हाऊ घालणारी रित्या तोंडानं गेली तर पान्हा आटतो, असं आमच्या सगळ्या बाया मानत, आणि सगळ्यांत जास्त ती स्वतः मानत होती. अशी दिवसाला तीन घरं, पूर्वी तर पाच-सहा. वीस वर्षं ही बाई धरमपेठेच्या बाळंतिणींचं दूध आटू नये म्हणून लाडू खात आली होती.

मी म्हटलं, पण गोळीनं तुमची भूक मेली होती ना? ती म्हणाली, "भूक तं मेलीच गा. पण मी भुकेसाठी कधी खाल्लं?"

हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, गोळी भुकेला अडवते देवराव, मानाला कोण अडवणार? तिला नाही म्हणायला शिकवायला हवं.

आता इथं जी अक्कल चालली ती माझी, आणि तिची लाज मला अजून वाटते. मी तिला म्हटलं, सोपं आहे, सांगायचं आज उपास आहे. उपासाच्या माणसाला कोणी लाडू खा म्हणत नाही. अरे, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. ऐन वेळी कुठं गेली होती कोण जाणे.

तिनं सोमवारी उपास सांगितला. त्या घरच्या बाईनं लगबगीनं साबुदाण्याची उसळ केली, वरून दाण्याचं कूट, वरून तूप. पुढच्या घरी राजगिऱ्याचे लाडू आणि पेलाभर आटवलेलं दूध. तिसऱ्या घरी तुपात परतलेले बटाटे. उपाशी बाईला रित्या तोंडानं पाठवणं म्हणजे दुप्पट पाप, त्यामुळे आग्रहही दुप्पट. मंगळवारी पुन्हा उपास, बुधवारी पुन्हा. लोकांना वाटलं पोरीसाठी काही कडक व्रत धरलं असेल, तेव्हा जो तो पुण्यात वाटा घ्यायला धावला. आणि हिचा सरळपणा पाहा, लोकांना उपास सांगितला म्हणजे तो खरा व्हायलाच पाहिजे म्हणून घरची भाकर हिनं सोडून दिली. चांगलं जे खात होती ते सुटलं आणि साबुदाणा राहिला. शुक्रवारी न्हाणीतून बाहेर येताना तिला घेरी आली. शनिवारी काट्यावर आली तेव्हा साडेअठ्ठ्याण्णव. सुरू केलं त्याहून वर.

डॉक्टरांनी मला त्या दिवशी जे झाडलं ते सगळ्या पेशंटांनी ऐकलं. आठवडाभर गोळी बंद केली. मी खाली मान घालून बाटल्या भरत होतो, आणि कौसल्याबाई माझीच बाजू घेऊन भांडत होती, की भाऊनं मले चांगल्यासाठीच सांगतलं.

डॉक्टरांनी मग तिला एकच प्रश्न विचारला. लाडू घेतल्यानं मान राहतो, की गिळल्यानं? ती विचार करत गेली.

उत्तर तिनं तिचं शोधलं. तिच्या शेजारी भीमाबाई नावाची बाई नुकती बाळंत झाली होती. नवरा बांधकामावर, ती पण बांधकामावर, आणि दहाव्या दिवशी ती विटा उचलायला गेली होती. तिच्या घरी डिंकाचे लाडू कोण करणार? तेव्हा सोमवारी कौसल्याबाईनं पहिल्या घरचा लाडू दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पदरात बांधला. घरची बाई पाहायला लागली तशी सरळ सांगितलं, की मले डाक्टरनं बंद केलं, पण हे रितं नाही जाणार, बाळंतिणीच्याच तोंडात पडणार. एक सासू रागावली, तिनं दुसरी बाई लावली. बाकीच्यांना ते पटलं, आणि माझ्या आईनं तर त्या दिवसापासून भीमाबाईसाठी वेगळे लाडू वळायला घेतले. भीमाबाईचं बाळ महिन्याभरात असं भरलं की विचारूच नका.

शनिवारी आता गोष्टी खऱ्या निघायला लागल्या. मी पण चतुर झालो होतो. काय जेवलात असं विचारतच नसे. तोंडात काय काय गेलं ते सांगा, उभ्यानं, बसून, चालताना, असं विचारायचो. मग कळलं की अजूनही ती तीन माणसांची कणीक भिजवते. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, पोरगी सासरी गेली, पण हात तीन माणसांचाच. उरलं ते टाकवत नाही म्हणून पोटात. मी तिला म्हटलं, पीठ ओंजळीनं घ्यायचं, परातीत ओतायचं नाही. दोन ओंजळी, बस. आणि संध्याकाळी घर खायला उठतं ना, तर त्या वेळेला घरात थांबायचंच नाही, अंबाझरीच्या रस्त्यानं चालायला लागायचं. पहिल्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत गेली. महिन्यात तलावापर्यंत जाऊन यायला लागली.

आणि उठण्याची तालीम. दुपारी एकला दवाखाना बंद झाला की मागच्या खोलीत सतरंजी टाकायचो. सलाईनच्या भरलेल्या तीन बाटल्या कापसात बसवून, वरून पंचा गुंडाळून मी एक बाळ केलं. बरोबर तीन किलोचं, काट्यावर ठेवून पाहिलं होतं. ती पाय लांब करून बसायची, बाळ पायांवर घ्यायची, आणि मग पाय दुमडून उठायला पाहायची. पहिले चार शनिवार मी मागून काखेत आधार दिला. पाचव्या शनिवारी म्हणाली सोड गा, मी सोडलं, ती अर्धी उठली आणि तोल गेला. बाळ हातातून सुटलं, बाटली फुटली, सगळीकडे पाणी. मी काचेसाठी ओरडलो. ती भिंतीला टेकून पांढरीफटक बसली होती. तिनं बाटली पाहिलीच नव्हती. ते खरं लेकरू असतं तर, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. मी ओरडणं बंद केलं आणि काचा गोळा केल्या. तिला पाणी दिलं. आणखी एक बाटली काढली, पुन्हा बाळ बांधलं, तिच्या पायांवर ठेवलं आणि म्हटलं, उठा. त्या दिवशी उठली नाही. पण बसून राहिली, पळून गेली नाही.

बारा आठवडे संपले तेव्हा एक्क्याण्णव किलो होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी बंद केली. म्हणाले, गोळी बारा आठवडे होती कौसल्याबाई, शनिवार मात्र जन्मभर.

इथं ती घाबरली. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी येऊन माझ्याजवळ उभी राहिली. कपाटाची चावी माझ्याजवळ असते हे तिला माहीत होतं. एकच पट्टी दे गा, डाक्टरले नको सांगू. मी म्हटलं नाही. तिनं हात जोडले. माझी पोरं तिनं कशी न्हाऊ घातली याची आठवण दिली, जी तिनं कधीच दिली नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच खेकसलो. ती गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी तिच्या घरी गेलो, रागानंच गेलो. ती उंबरठ्यावर बसली होती. चुलीजवळ भाताचं पातेलं होतं, रितं. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, कारण न सांगणं तिला जमतच नव्हतं. पातेलंभर भात, रोज. भूक परत आली होती आणि भुकेपुढे तिचं काही चालत नव्हतं.

"गोळी होती तं मी होती, भाऊ," ती म्हणाली. "आता मी कायची? येऊ दे तिच्या सासूची बाई. मी पाहत बसीन खुर्चीवर."

मी शांतपणे समजावलं असं म्हणायला मला आवडलं असतं. मी भांडलो. म्हटलं, लाडू पदरात कोणी बांधला, गोळीनं? अंबाझरीपर्यंत गोळी चालत गेली? माझी बाटली फोडून पुन्हा सतरंजीवर कोण बसलं? ती गोळी नुसती भुकेच्या तोंडावर हात ठेवून उभी होती, बाकी सगळं तुम्ही केलं आणि आता तिच्या नावानं गळा काढून राहिल्या. आणि दोन शनिवार मी त्या सतरंजीवर मूर्खासारखा एकटा बसलो, त्याचं काय? हे शेवटचं मी बोलणार नव्हतो, निघून गेलं. ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, तू बसला होता? मी म्हटलं, तर काय करू.

शनिवारी आली. साडेब्याण्णव. डॉक्टर रागावले नाहीत. दीड किलोला काय भ्यायचं, येणं थांबवलं त्याला भ्यावं, म्हणाले. भूक लागेल, लागू द्या, भूक लागली की आधी देवरावाला आठवा. हे काही मला फार मानाचं वाटलं नाही, पण उपयोगी पडलं. भाताच्या पातेल्याजवळ गेली की म्हणे तिला माझं आंबट तोंड दिसायचं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती तीन किलोचं बाळ घेऊन सतरंजीवरून उठली. हात टेकला नाही. पुन्हा बसली, पुन्हा उठली. सहा वेळा. मला म्हणाली मोज, मी मोजलं.

जून लागता लागता रुख्मिणीला मुलगी झाली. इस्पितळातून पाचव्या दिवशी घरी आणली आणि दुसऱ्या सकाळी पहिली आंघोळ ठरली. मी आणि माझी आई गेलो. सावनेरहून रुख्मिणीची सासू पार्वतीबाई आली होती, आणि सोबत खरंच एक बाई घेऊन आली होती. बाई वाईट नव्हती, कोपऱ्यात अवघडून उभी होती. पार्वतीबाई पण वाईट नव्हती. नऊ वर्षांनी आलेलं लेकरू, तिच्या जिवाला भीती असणारच. ती म्हणाली, कौसल्याबाई, मन मोठं करा, उगीच जिद्द नको. कौसल्याबाईचं वजन एकोणनव्वद होतं, म्हणजे बारीक बिरीक काही झाली नव्हती. लुगडं खोचलं, न्हाणीत बसली, पाय लांब केले आणि हात पुढे केले. रुख्मिणीनं बाळ आईच्या पायांवर ठेवलं.

तेल लावलं, बेसन-हळद लावली, पाणी घातलं. पोरगी आधी किंचाळली, मग गप्प झाली. सगळं नेहमीसारखं झालं. फक्त कौसल्याबाई रोज बाळांशी काही ना काही बोलायची, ती आज एक शब्द बोलली नाही. पंच्यात गुंडाळलं. आता उठायचं. न्हाणीच्या दारात आम्ही सगळे दाटीनं उभे होतो. मी तर मनातल्या मनात पाय दुमडून घेतले होते.

ती उठली नाही. बाळ मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पार्वतीबाई दोन पावलं पुढे झाली, वाकली आणि बाळ घ्यायला हात केले.

"उठता येते मले, विहीणबाई," कौसल्याबाई वर पाहून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी भिऊ नका. पण आजवर जे लेकरू न्हाऊ घातलं ते लगेच उठून देऊन टाका लागलं, दुसऱ्या घरी जायाचं राहे. हे नाही कोनाले द्यायचं. बसू द्या मले घडीभर."

पार्वतीबाई तशीच वाकलेली राहिली. मग ती खाली, ओल्या फरशीवर, तिच्या शेजारी बसली. माझ्या आईनं मला मागे ओढलं आणि न्हाणीचं दार लोटून घेतलं. म्हणून कौसल्याबाई उठली कशी ते मी पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा ती उभी होती, दोन्ही हात बाळाखाली होते, आणि पार्वतीबाई अजून खालीच बसली होती. मी रडत होतो. सांगायला काय लाजायचं, मी रडत होतो.